पिस्तूल मधेच अडकतंय? .२२ स्पोर्ट पिस्तूलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२५ मीटरच्या लाइनवर कुणाचं पिस्तूल अडकलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मशीनच खराब आहे". माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे. माझी संशयितांची यादी अशी: आधी गोळी, मग मॅगझिन, मग घाण, मग आपला हात, आणि हे सगळे निर्दोष सुटले तरच मशीन. खालचे प्रश्न मला रेंजवर चहा पिताना पुन्हा पुन्हा विचारले जातात म्हणून एकदाचे लिहून काढले. बहुतेक सगळं .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसावर चालणाऱ्या मॅच पिस्तुलांबद्दल आहे, म्हणजे पार्डिनी, वॉल्थर, हॅमर्ली, फाइनवर्कबाऊ, मोरिनी वगैरे, कारण हातात तीच असतात. .३२ वाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

पिस्तूल अडकलं तर सगळ्यात आधी काय करू?

काहीच करू नका, हे पहिलं. बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडेच. घाबरून पिस्तूल बाजूला वळवून "सर हे बघा ना" करणारी पोरं मी इतकी बघितलीयेत की आता त्या आवाजावरच माझी मान आपोआप खाली जाते. ट्रिगर दाबल्यावर नुसता "टक" झाला आणि गोळी सुटली नाही तर नळी समोर ठेवून मनात ३० आकडे मोजा, कारण क्वचित गोळी उशिरा पेटते. मग मॅगझिन काढा, बोल्ट (गोळीच्या मागचा, मागेपुढे सरकणारा भाग) हळू मागे घ्या, आणि इथे घाई करू नका, आत काय दिसतंय ते बघा. पुंगळी उभी आहे का आडवी, गोळीचं नाक कुठे टेकलंय, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला जिथे काडतूस बसतं तिथे, काही राहिलंय का. फटाफट खेचून काढलं की पुरावा गेला, आणि मग दोन तास नुसत्या अंदाजावर भांडायचं.

हे मॅचमध्ये पण असंच करायचं का?

नाही! मॅचमध्ये उलट आहे. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत मालफंक्शन दोन प्रकारचं, मान्य होणारं आणि मान्य न होणारं. पिस्तूल अडकलं की ते सेफ दिशेला धरून ठेवायचं, पकड सोडायची नाही, रिकामा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. तुम्ही स्वतः बोल्ट ओढलात, सेफ्टी हलवलीत, की खरंखुरं अडकलेलं असलं तरी ते अमान्य आणि राहिलेले शॉट शून्य. गोळ्या भरायला विसरणं, सेफ्टी काढायला विसरणं, मॅगझिन नीट न बसवणं, मागच्या शॉटनंतर ट्रिगर पुरेसा पुढे न सोडणं, हे सगळं पण अमान्यच, कारण ती चूक पिस्तुलाची नाही. एक ज्युनियर मुलगी होती, तिचं पिस्तूल खरंच अडकलं होतं, गोळी आत तिरकी झालेली मला मागून दिसत होती, पण प्रॅक्टिसची सवय इतकी पक्की की हात वर जायच्या आधी बोल्टवर गेला. संपलं. म्हणून सराव करताना पण महिन्यातून एकदा तरी खोटं मालफंक्शन लावा, मॅगझिनमध्ये मधेच एक डमी (न सुटणारं खोटं काडतूस) टाका आणि हात वर करायची सवय लावा.

"टक" आवाज येतो, गोळी सुटत नाही. पिन बदलू का?

थांबा. आधी न सुटलेलं काडतूस उजेडात धरून त्याच्या बुडाची कड बघा. .२२ मध्ये मधे कॅप नसते, पेटणारा मसाला आतून कडेला, म्हणजे रिममध्ये पसरलेला असतो, म्हणून पिन कडेलाच मारते. तिथला खड्डा खोल आणि स्वच्छ दिसला तर पिनने आपलं काम केलंय, त्या जागी मसाला कमी पडलाय, दोष काडतुसाचा. खात्री करायची असेल तर प्रॅक्टिसमध्ये (मॅचमध्ये नाही) तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा चेंबरमध्ये टाका, दुसऱ्या जागी मार बसल्यावर सुटलं तर विषय संपला. एका खोक्यात ५० असतात, त्यातलं एखादं असं निघालं तर सोडून द्या, चार-पाच निघाली तर तो लॉट, म्हणजे त्या खेपेच्या गोळ्या, मॅचला नेऊ नका.

खड्डा उथळ असेल, नुसता ओरखडा असल्यासारखा, तर मग मशीनकडे या. पण तिथेही पिन तुटलेली असणं हे शेवटचं कारण आहे. बहुतेक वेळा पिनच्या वाटेत जुनं तेल आणि काजळी मिळून काळा चिकट लगदा झालेला असतो आणि पिनचा जोर त्यातच जातो. दुसरं म्हणजे बोल्ट पूर्ण बंदच झालेला नसतो, केसभर मागे राहतो, आणि हॅमरचा (पिनला ठोकणाऱ्या हातोडीचा) अर्धा मार बोल्ट पुढे ढकलण्यात खर्च होतो. तिसरं, ड्राय फायरचा, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबत बसायचा छंद. त्यावर खाली वेगळं लिहितो.

गोळी चेंबरमध्ये जातच नाही, तिरकी होऊन अडकते.

हे सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं, आणि माझं उत्तर बहुतेक वेळा "मॅगझिन दाखव".

.२२ चं काडतूस रिमवालं असतं, म्हणजे बुडाला कड बाहेर आलेली. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला पाहिजे. भरताना घाईत ती मागे गेली की बोल्ट वरची गोळी पुढे ढकलतो आणि तिची कड खालच्या कडेला अडकते, दोघी एकमेकींचा पदर धरून बसल्यासारख्या. याला रिम लॉक म्हणतात. उपाय फुकट आहे, एकेक गोळी भरताना बूड मागे नीट सरकवून बसवा, मॅगझिन हातात धरून वरून बघा, पाची कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या पाहिजेत. पिशवीत मॅगझिन खडखड वाजवत नेऊ नका, भरलेलं तर मुळीच नाही.

मग मॅगझिनचे ओठ. वरच्या बाजूला जे दोन पत्रे आत वाकलेले असतात ते. मॅगझिन सिमेंटच्या फरशीवर एकदा पडलं की ओठ केसभर उघडतात, डोळ्याला दिसत पण नाही, पण गोळीचं नाक थोडं वर किंवा खाली बघायला लागतं. अडकलेल्या गोळीचं शिसं बघा, शिसं मऊ असतं, ते सगळी कहाणी लिहून ठेवतं. नाकावर खालच्या बाजूला चपटा डाग असेल तर ती चेंबरच्या खालच्या कडेला आपटतेय, वरच्या बाजूला असेल तर जास्त वर उडतेय. कुठल्या मॅगझिनमध्ये हे होतं ते कळण्यासाठी प्रत्येक मॅगझिनवर नेलपेंटने १, २, ३ घाला. एकच क्रमांक तीनदा आला की आरोपी सापडला. पक्कड घेऊन ओठ वाकवायच्या भानगडीत पडू नका, नवीन मॅगझिन महाग आहे हे मला माहितीये, पण वाकवलेलं मॅगझिन नेमकं फायनलला धोका देतं.

रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही, बोल्टमध्ये उभी अडकते.

इंग्रजीत स्टोव्हपाइप, मी धुराडं म्हणतो, दिसतं अगदी तसंच. बंदूक सुटल्यावर बोल्ट जोरात मागे जायला हवा, तो आळशीपणे गेला की पुंगळी बाहेर फेकली जायच्या आधीच परत येऊन तिला पकडतो. .२२ च्या बहुतेक पिस्तुलांत कसलंही लॉक नसतं, गोळीचा मागचा धक्का आणि समोर बोल्टचं वजन अधिक स्प्रिंग, एवढ्याच दोघांची कुस्ती असते. धक्का कमी पडला किंवा बोल्टला वाटेत घासायला काही मिळालं की धुराडं.

तर कारणं याच क्रमाने बघा. एक, गोळी नरम आहे का, दुसरी जात लावून बघा. दोन, चेंबर. .२२ च्या गोळीला बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेलं असतं, ते आणि शिसं मिळून चेंबरच्या तोंडाशी एक कडा तयार होतो, पुंगळी त्यातून निघताना चिकटते. तीन, एक्स्ट्रॅक्टरचं नख. बोल्टच्या तोंडावर जो छोटा आकडा पुंगळीची कड पकडतो त्याच्या खाचेत काजळी भरते आणि मग तो कड धरूच शकत नाही. लाकडी टूथपिकने कोरून काढा, किती निघतं ते बघून तुम्हालाच लाज वाटेल. चार, ग्रिप. हो, ग्रिप! लाकडी ग्रिपला पुट्टी लावून वाढवायची सगळ्यांना हौस, अंगठ्याची बाजू वाढवता वाढवता ती बोल्टला घासायला लागते किंवा पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत डोकावते. पुट्टीवर पितळेचे पिवळे डाग दिसले तर समजून जा.

हात सैल धरला तर पिस्तूल अडकतं हे खरं की कोचचा बहाणा?

खरं आहे, पण सगळीकडे सारखं नाही. पिस्तुलाची बॉडी जागेवर राहिली तरच बोल्ट तिच्या तुलनेत मागे जातो, मनगट ढिलं असेल तर सगळंच एकत्र मागे जातं आणि बोल्टचा प्रवास अपुरा राहतो. हलक्या ९ एमएम किंवा .३२ मध्ये हे लगेच दिसतं, जड मॅच पिस्तुलात कमी. पण नरम गोळी आणि बारीक मनगटाचा चौदा वर्षांचा मुलगा एकत्र आले की तिथेही दिसतं. टेस्ट सोपी आहे, तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, त्याच लॉटच्या १० गोळ्या अनुभवी माणसाला मारायला द्या. त्याच्या हातात नीट चाललं तर पिस्तूल रिपेअरला पाठवायचं नाही, पोराला मनगटाचे व्यायाम द्यायचे.

गोळी चेंबरमध्ये आहे, बोल्ट बंद आहे, ट्रिगर दाबतोय तर मेलेल्यासारखा.

बहुतेक वेळा तुम्ही ट्रिगर पुढे सोडलाच नाहीत. महिलांच्या २५ मीटर पिस्तूलच्या रॅपिडमध्ये, म्हणजे वेगवान टप्प्यात, टार्गेट ३ सेकंद दिसतं आणि मधे ७ सेकंद मिळतात, राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सोनं घेतलं तो हाच इव्हेंट. पहिल्या शॉटनंतर घाबरलेलं बोट ट्रिगरला चिकटून बसतं, ट्रिगर रीसेट होत नाही, आणि पुढच्या ३ सेकंदांत माणूस मेलेला ट्रिगर दाबत राहतो. मग हात वर, ऑफिसर येतो, तपासतो, पिस्तूल ठणठणीत, आणि वर सांगितल्याप्रमाणे हे अमान्य. शॉटनंतर बोट जाणीवपूर्वक पुढे न्यायची सवय एवढाच इलाज. ट्रिगर कितीही सोडला तरी रीसेट होत नसेल तर मात्र आत स्प्रिंग किंवा सीअरचं (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर अडवून धरणाऱ्या पार्टचं) काम आहे, ते आर्मररकडे, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे.

एकदा ट्रिगर दाबला आणि दोन गोळ्या गेल्या!

त्याच क्षणी थांबायचं. मॅगझिन काढा, रिकामं करा, बॉक्समध्ये ठेवा, आज या पिस्तुलाने एकही गोळी मारायची नाही. "एकदाच झालं सर" हे उत्तर चालत नाही. सीअर झिजलाय किंवा कुणीतरी ट्रिगर हलका करायच्या नादात नको तितका स्क्रू फिरवलाय. २५ मीटर पिस्तूलला ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅमचा लागतो, एअर पिस्तूलला ५०० ग्रॅम, आणि एअरवरून .२२ वर आलेली मंडळी तीच फील शोधत बसतात. आतल्या पार्टला कानस लावणं तर सरळ सरळ मूर्खपणा. आणि कायद्याच्या दृष्टीने बघायचं तर शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे शस्त्र दुरुस्त करण्यासाठी पण परवाना लागतो, त्यामुळे ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी तिथे पिस्तूल न्यायचं नाही.

आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, टार्गेटवर भोक नाही.

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच. पुढची गोळी मारू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्या मागून दुसरी गेली तर नळी फुगते, कधी फुटते. रिकामं करा, चेंबर मोकळं आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट उघडा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का बघा. दिसला नाही तर कोच किंवा आर्मरर. रॅपिडमध्ये लय लागलेली असते, थांबायला जिवावर येतं, तरीही.

कुठली गोळी सगळ्यात चांगली?

तुमच्या पिस्तुलाला आवडेल ती. हे टाळण्यासाठी दिलेलं उत्तर नाही. एकाच कंपनीची दोन पिस्तुलं वेगवेगळ्या गोळ्यांवर खूश असतात. एले, एसके, आरडब्ल्यूएस, लापुआ, जे मिळेल त्याचं एकेक खोकं मारून बघा, किती वेळा अडकलं ते वहीत लिहा. मॅच पिस्तूल स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी, म्हणजे सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटरच्या गोळीसाठी ट्यून केलेलं असतं. "जोरात आहे म्हणजे अडकणार नाही" म्हणून हाय व्हेलॉसिटी भरू नका, बोल्ट मागे दाणदाण आपटतो आणि दोन सीझनमध्ये पार्ट बोलायला लागतात. एकच लॉट पुरेसा घेऊन ठेवा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळी, मॅगझिन, स्प्रिंग तिन्ही एकदम बदललं आणि पिस्तूल चालायला लागलं तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही.

कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजला मस्त चालतं, दिल्लीला नॅशनलला गेलं की अडकतं. तिथल्या रेंजमध्ये काही आहे का?

रेंजमध्ये नाही, थंडीत आहे. आपल्याकडचं पोर कोल्हापूरच्या उबेत प्रॅक्टिस करतं आणि डिसेंबरात तुघलकाबादच्या कर्णी सिंह रेंजवर सकाळच्या पहिल्या डिटेलला (तुकडीत) उभं राहतं, हाताला हात लागत नाही अशी थंडी. गोळीवरचं मेण कडक होतं, तेल घट्ट होतं, बोल्ट आळसावतो, पहिल्या दोन सिरीज हमखास त्रास. गोळ्यांचं खोकं रात्री गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका, खोलीत ठेवा, तेल पातळ आणि अगदी कमी लावा.

आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून लिहितो, एका पठ्ठ्याने घरून निघताना बोल्टला खोबरेल तेल लावलं होतं, "आजोबा कुलपाला हेच लावायचे". खोबरेल २४ डिग्रीच्या आसपासच गोठायला लागतं! दिल्लीत बोल्ट उघडला तर आत पांढरं लोणी. पुसायला त्याच्या आईची शाल गेली.

मुंबईकरांचं दुखणं वेगळं. वरळीची रेंज समुद्राला लागून, खारी हवा, पावसाळ्यात तर विचारू नका. तिथे तेल कमी नको, आणि घरी आल्यावर पिस्तूल फोमच्या बॉक्समध्ये बंद करून ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. पुसून, कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर.

किती वेळा साफ करायचं? नळी रोज घासू?

नळी रोज नको, चेंबर आणि बोल्टचं तोंड मात्र प्रत्येक सेशननंतर. नळी जास्त घासून खराब करणारे लोक मी जास्त पाहिलेत, न घासून खराब करणारे कमी. जमेल तिथे मागून घासा, पुढून रॉड घालायलाच लागत असेल तर नळीचं तोंड जपा. नायलॉनचा ब्रश, जुन्या धोतराच्या मऊ कापडाचे तुकडे, सॉल्व्हंट, आणि शेवटी सगळं कोरडं. तेल म्हणजे फोडणी नव्हे, जिथे धातू धातूला घासतो तिथे एक थेंब, बास. चेंबरमध्ये आणि पिनच्या वाटेत तेल राहू देऊ नका, आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून "ऑइलिंग केलं" म्हणू नका, तो उडून जातो आणि मागे चिकटा राहतो. रीकॉइल स्प्रिंग ही संपणारी वस्तू आहे, बुटांसारखी. कंपनीच्या पुस्तिकेत कधी बदलायची ते दिलेलं असतं, वहीत गोळ्यांचा हिशोब असेल तरच ते तुम्हाला कळणार.

ड्राय फायर केल्याने पिस्तूल बिघडतं का?

.२२ मध्ये बिघडू शकतं. काडतूस नसेल तर पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते, तिथे बारीक खाच पडते, धातू आत सरकतो, आणि मग गोळ्या नीट बसत नाहीत, पुंगळ्या अडकतात, मार उथळ पडतो. मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरा, नसेल तर .२२ ची डमी.

माझं .३२ लायसन्सचं पिस्तूल आहे, वर्षानुवर्षं लॉकरमध्ये, चालेल ना वेळेला?

प्रामाणिकपणे सांगू का, बहुतेकांचं चालणार नाही, किंवा पहिली गोळी सुटेल आणि दुसरी अडकेल. तेल वाळून व्हार्निश झालेलं असतं, काडतुसं वडिलांच्या काळातली, चामड्याच्या पट्ट्यात ठेवल्याने पितळेवर हिरवट थर. हिरवं झालेलं काडतूस पुसून वापरू नका, परवानाधारक डीलरला विचारून बदला. वर्षातून एकदा रीतसर परवानगी असलेल्या रेंजवर जाऊन मारून बघा, घराच्या गच्चीवर नाही. मॅगझिन, घाण, हात, हाच क्रम इथेही लागू, फक्त ढिल्या मनगटाचा त्रास जास्त.

प्रॅक्टिसला एकदाही अडकत नाही, नेमकं मॅचलाच का?

कारण मॅचला तुम्ही वेगळे असता. आदल्या रात्री काळजीपोटी पिस्तूल पूर्ण खोलून तेलात अंघोळ घातलेली असते, ठेवणीतलं नवं मॅगझिन पहिल्यांदाच बाहेर काढलेलं असतं, भारीतला लॉट उघडलेला असतो जो या पिस्तुलाने कधी चाखलेलाच नाही. मॅचच्या आधी काहीही नवीन करू नका, साफसफाई दोन दिवस आधी, मग त्याच गोळ्यांचं एक खोकं मारून घ्या आणि त्यानंतर हात लावू नका.

आणि तरीही होतंच कधी कधी. टोकियो ऑलिंपिकला २५ जुलै २०२१ ला मनू भाकरच्या एअर पिस्तूलचा कॉकिंग लिव्हर क्वालिफिकेशनच्या मधेच तुटला, दुरुस्तीत मिनिटं गेली, ५७५ वर बारावी आली. तिथे ना गोळी दोषी, ना हात, खरोखर मशीन. माझ्या यादीतला शेवटचा संशयित कधी कधी खरा गुन्हेगार निघतो, म्हणून तर तो यादीत आहे.

रेंजवर वडापाव खाल्ला तर चालतो का?

हात साबणाने धुवून. बोटांवर शिसं असतं, ते चटणीबरोबर पोटात जातं. नुसतं पँटला पुसणं म्हणजे धुणं नव्हे, आणि हे मी ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना माहितीये.